धुराचा हिशेब मांडणारा प्राध्यापक

कारखान्याच्या धुराड्यातून आणि मोटारीच्या नळकांड्यातून बाहेर पडणाऱ्या धुराची किंमत नेमकी कोणी मोजायची, हा प्रश्न गेली तीन दशके जगभरच्या संसदांमध्ये आणि निवडणुकांच्या मैदानात गाजतो आहे. कॅनडाने सामान्य ग्राहकाला इंधनावर द्यावा लागणारा कार्बन कर १ एप्रिल २०२५ पासून बंद केला. युरोपीय संघाने मात्र नेमकी उलटी वाट धरली आणि बाहेरून येणाऱ्या पोलाद, सिमेंट, अॅल्युमिनियमसारख्या मालावर २०२६ पासून कार्बनचे शुल्क लागू केले. भारतासह अनेक देशांनी त्याला आक्षेप घेतला. या वादातील दोन्ही बाजू ज्या कल्पनेभोवती फिरतात, ती कल्पना शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केंब्रिज विद्यापीठातील एका अबोल, एकांतप्रिय प्राध्यापकाने मांडली होती. आर्थर सेसिल पिगू हे त्यांचे नाव. अर्थशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात त्यांच्या नावाचा कर आहे. परंतु त्या नावामागचा माणूस मात्र केन्सच्या प्रखर प्रकाशात झाकोळून गेला.

पिगू यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८७७ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील आइल ऑफ वाइट या बेटावर, राइड या गावी झाला. वडील लष्करी अधिकारी होते. त्यांचे पूर्वज धार्मिक छळामुळे फ्रान्स सोडून आलेल्या ह्यूगनॉट पंथीयांपैकी होते. आईचे घराणे सरदारी परंपरेतले. शिक्षण हॅरो या विख्यात शाळेत झाले आणि तेथे ते विद्यार्थीप्रमुख झाले. पुढे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात त्यांनी प्रवेश घेतला तो इतिहासाचा विद्यार्थी म्हणून. इंग्रजी काव्यासाठीचे विद्यापीठाचे सुवर्णपदक त्यांनी १८९९ मध्ये मिळवले, तर १९०० मध्ये ते केंब्रिज युनियन या वादसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे पहिले पुस्तकही अर्थशास्त्राचे नव्हते; ते रॉबर्ट ब्राउनिंग या कवीच्या धर्मविचारावरील होते. तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र यांतून वाट काढीत हा तरुण अर्थशास्त्राकडे आला आणि माणसाचे भले कशात आहे, हा नीतिशास्त्रातला प्रश्न त्याने नव्या शास्त्रातही सोडला नाही.

तिसाव्या वर्षी मार्शल यांची गादी

त्या काळी केंब्रिजमध्ये अर्थशास्त्र म्हणजे आल्फ्रेड मार्शल, असे समीकरण होते. पिगू त्यांचे लाडके शिष्य. मार्शल १९०८ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या जागेसाठी ज्येष्ठ आणि अनुभवी हर्बर्ट फॉक्सवेल यांचे नाव पुढे होते. निवड मात्र अवघ्या तीस वर्षांच्या पिगू यांची झाली. दुखावलेल्या फॉक्सवेल यांनी ही सल कधी विसरली नाही. पिगू यांनी हे अध्यासन पुढे पस्तीस वर्षे, म्हणजे १९४३ पर्यंत भूषविले.

याच वर्षी लंडनच्या इंडिया ऑफिसातील नोकरी सोडून एक तरुण केंब्रिजला परतला. त्याचे नाव जॉन मेनार्ड केन्स. विद्यापीठाकडे त्याला देण्यासाठी वेतनाची तरतूद नव्हती. मार्शल यांनी अशा अध्यापकाला स्वतःच्या खिशातून वर्षाला शंभर पौंड देण्याची प्रथा पाडली होती. पिगू यांनी ती पुढे चालवली. ज्या केन्स यांनी पुढे आपल्या ग्रंथात पिगू यांच्यावर सर्वांत कठोर टीका केली, त्यांच्या अध्यापनाची सुरुवात अशी पिगू यांच्याच पैशाने झाली होती.

करांच्या राजकारणाची धगही पिगू यांना तरुणपणीच लागली. जोसेफ चेंबरलेन यांनी १९०३ मध्ये आयात मालावर जकात बसवून साम्राज्यातील मालाला सवलत देण्याची मोहीम उघडली, तेव्हा खुल्या व्यापाराच्या बाजूने पिगू यांनी लेख लिहिले, पुस्तक लिहिले, सभांतून भाषणे केली. जकातीमुळे भाकरी महागेल आणि तिचा भार गरिबावर पडेल, हा त्या वादातील कळीचा मुद्दा होता. कर कोणी भरतो आणि त्याचा चटका प्रत्यक्षात कोणाला बसतो, या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हा धडा त्यांनी तेथे गिरवला.

मँचेस्टरच्या धुलाईचा खर्च

पिगू यांचा 'वेल्थ अँड वेल्फेअर' हा ग्रंथ १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचाच विस्तार होऊन १९२० मध्ये 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' हा त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ आला. अॅडम स्मिथपासून चालत आलेला विश्वास असा होता, की प्रत्येकाने आपापला फायदा पाहिला की समाजाचेही भले आपोआप होते. पिगू यांनी हा विश्वास मोडीत काढला नाही. तो कोठे कोठे लंगडा पडतो, हे त्यांनी काटेकोरपणे दाखवून दिले.

त्यांचा युक्तिवाद सोपा आहे. गिरणीचा मालक हिशेब मांडतो तेव्हा त्यात कोळसा, मजुरी, यंत्रे, व्याज हे सारे येते. गिरणीच्या धुराने शेजारच्या घरांच्या भिंती काळवंडतात, झाडे-भाजीपाला खराब होतो, कपडे पुन्हा पुन्हा धुवावे लागतात, दिवसाढवळ्या दिवे लावावे लागतात. हा खर्च मात्र त्याच्या वहीत कोठेच नसतो. तो खर्च होत नाही असे नाही. तो दुसरे कोणी तरी करीत असते. मालकाचा खासगी हिशेब आणि समाजाचा एकूण हिशेब यांत अशी फट पडली, की वस्तू तिच्या खऱ्या किमतीपेक्षा स्वस्त विकली जाते आणि ती गरजेपेक्षा जास्त तयार होते. ही फट बुजवण्यासाठी सरकारने तेवढाच कर लावावा, असे पिगू यांनी सुचवले. उलट, ज्या उद्योगाचा लाभ पैसे न देताही इतरांना मिळतो, त्याला सरकारने अनुदान द्यावे, हेही त्यांनी त्याच न्यायाने मांडले.

हे नुसते पुस्तकी तत्त्व नव्हते. मँचेस्टर या कापडगिरण्यांच्या शहरात १९१८ मध्ये झालेल्या एका पाहणीचा दाखला पिगू यांनी ग्रंथात दिला. मँचेस्टरमधील कामगार कुटुंबांचा कपडे धुण्याचा खर्च आणि स्वच्छ हवेच्या हॅरोगेट या गावातील तशाच कुटुंबांचा खर्च यांची तुलना त्या पाहणीत होती. मँचेस्टरच्या कुटुंबाला आठवड्याला साडेसात पेन्स जास्त पडत होते. साडेसात लाख वस्तीच्या त्या शहराचा हा भुर्दंड वर्षाला दोन लाख नव्वद हजार पौंडांहून अधिक होता, आणि तोही केवळ साबण, सोडा व इंधन यांचा. घरातल्या बाईने त्यासाठी उपसलेले कष्ट त्यात धरलेलेच नव्हते. धुरावर कर नव्हता, हे खरे. पण धुराची वसुली मात्र दर आठवड्याला होत होती, आणि ती गिरणीमालकाकडून नव्हे, तर धुणे धुणाऱ्या हातांकडून होत होती.

पिगू यांचा पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच १९१२ साली मुंबई इलाख्यातही धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. गिरणगावाच्या धुराड्यांनी मुंबईचे आभाळ काळवंडू लागले होते आणि सरकारने येथे कराऐवजी तपासणी आणि दंडाचा मार्ग पत्करला होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत धनंजयराव गाडगीळ हे भारतातील औद्योगिक स्थित्यंतरावरील आपला प्रबंध केंब्रिजमध्येच लिहीत होते. तो १९२४ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्या काळात तेथील अर्थशास्त्राच्या अध्यासनावर पिगूच होते.

तेलाचा विषयही पिगू यांच्या लिखाणात आहे. लॉइड जॉर्ज यांनी १९०९ च्या अंदाजपत्रकात पेट्रोलवर गॅलनला तीन पेन्स कर बसवला आणि त्याचे उत्पन्न रस्त्यांसाठी राखून ठेवले. मोटारवाला रस्ता झिजवतो, तेव्हा त्याची भरपाईही त्यानेच करावी, हा त्यामागचा विचार होता. आपल्या तत्त्वाचे हे अपुरे का होईना, पण प्रत्यक्षातले उदाहरण आहे, असे पिगू यांनी नोंदवले. मोटार ही तेव्हा श्रीमंतांचीच चैन होती. त्यामुळे पेट्रोलवरील कराचा चटका गरिबाला बसेल काय, हा प्रश्न त्या वेळी उभाच राहिला नाही. तो पुढच्या पिढ्यांसाठी राहिला.

युद्ध आणि एकांत

पहिल्या महायुद्धाने पिगू यांचे आयुष्य दोन भागांत विभागले. माणसे मारण्याच्या कामात सहभागी व्हायचे नाही, हा त्यांचा निश्चय होता. अध्यापक म्हणून त्यांना सैन्यभरतीतून सूट मिळाली, तेव्हा केंब्रिजमधील अनेकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. त्यांनी मात्र प्रत्येक सुटीत रुग्णवाहिका पथकात दाखल होऊन फ्रान्स, बेल्जियम आणि इटलीच्या आघाड्यांवर जखमींची ने-आण केली. जे पाहिले, ते त्यांना कायमचे हादरवून गेले. युद्धापूर्वीचा हसतमुख, वादसभा गाजवणारा तरुण मागे पडला आणि माणसांपासून दूर राहणारा, जुनेपाने कपडे घालून फिरणारा, विक्षिप्त म्हणून ओळखला जाणारा प्राध्यापक उरला. ते अविवाहित राहिले. किंग्ज कॉलेजातील खोल्या आणि लेक डिस्ट्रिक्टमधील बटरमिअर सरोवराजवळचे घर एवढाच त्यांचा संसार होता. डोंगर चढणे हा त्यांचा एकमेव मोठा छंद. तरुण विद्यार्थ्यांना ते आवर्जून डोंगरांवर नेत. पुढे हृदयविकाराने हा आनंदही हिरावून घेतला.

सरकारी कामाचा अनुभवही फारसा सुखाचा नव्हता. चलनविषयक कन्लिफ समिती, प्राप्तिकरावरील शाही आयोग, तसेच १९२४-२५ मधील चेंबरलेन-ब्रॅडबरी समिती यांवर ते सदस्य होते. या शेवटच्या समितीने पौंडाला युद्धापूर्वीच्या भावाने पुन्हा सोन्याशी जोडण्याची शिफारस केली आणि १९२५ मध्ये अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ती अमलात आणली. पौंड महागला, निर्यात मंदावली, कोळसा खाणींच्या मालकांनी मजुरी कापण्याचा पवित्रा घेतला आणि १९२६ मध्ये देशव्यापी संप झाला. समाजाच्या एका घटकाचा खर्च दुसऱ्याच्या माथी मारला जाऊ नये, हे आयुष्यभर सांगणाऱ्या पिगू यांचा सहभाग असलेल्या या शिफारशीची किंमत खाणकामगारांना मोजावी लागली, ही त्यांच्या चरित्रातील एक कटू नोंद आहे.

मंदीच्या काळात मात्र त्यांनी काटकसरीचा धोशा लावला नाही. लोकांनी आणि सरकारने खर्च आखडता घेऊ नये, असे आवाहन करणारे पत्र ऑक्टोबर १९३२ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर केन्स यांच्याबरोबर पिगू यांचीही सही होती. तरीही १९३६ मध्ये केन्स यांनी आपल्या 'जनरल थिअरी' या ग्रंथात जुन्या अर्थशास्त्राचा प्रतिनिधी म्हणून पिगू यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. पिगू यांनी त्या ग्रंथाचे तिखट परीक्षण लिहिले. परंतु मैत्री तुटू दिली नाही. केन्स यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९४९ मध्ये, त्यांनी केंब्रिजमध्ये व्याख्याने देऊन केन्स यांच्या सिद्धान्ताचे महत्त्व आपण पूर्वी पुरेसे ओळखले नव्हते, हे मोकळेपणाने मान्य केले. सत्तरी ओलांडलेल्या विद्वानाने जाहीरपणे आपले मत बदलणे ही गोष्ट तेव्हाही दुर्मिळ होती.

जन्माला न आलेल्यांची बाजू

पिगू यांच्या विचारातील एक भाग आजच्या वाचकाला विशेष जवळचा वाटेल. माणसाला दूरचे सुख लहान दिसते, म्हणून तो आजच्या छोट्या लाभासाठी उद्याचा मोठा लाभ सोडून देतो, असे त्यांचे निरीक्षण होते. यामुळे जमिनीतील खनिजे उधळली जातात, जंगले तुटतात आणि पुढच्या पिढ्यांचा वाटा आधीच संपतो. जे अजून जन्मालाच आलेले नाहीत, त्यांना ना मत असते ना बाजारात पैसा. म्हणून त्यांच्या हिताचे रखवालदार सरकारने व्हावे, असे त्यांनी बजावले. कोळशाच्या धुरातील कार्बन वायूमुळे पृथ्वी तापू शकते, हे गणित स्वीडनचे स्वांते आऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच मांडले होते. पिगू यांनी मात्र विचार केला तो काजळीचा. हवामानबदलाचा प्रश्न त्यांच्यासमोर नव्हता. पण तो सोडवण्यासाठी लागणारी दोन्ही सूत्रे, म्हणजे दुसऱ्यावर ढकललेला खर्च आणि उद्यावर ढकललेला खर्च, त्यांच्या ग्रंथात शेजारी शेजारी सापडतात.

सरकारवर त्यांचा आंधळा विश्वास होता, असा आक्षेप पुढे घेतला गेला. तो अन्यायाचा आहे. सत्ताधारी अज्ञानी असू शकतात, ते बड्या गटांच्या दडपणाखाली येतात, भ्रष्टही होतात, हे पिगू यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. कराचा नेमका दर किती असावा, हे ठरवण्यासाठी लागणारी माहिती मिळवणे अतिशय अवघड आहे, याचीही कबुली त्यांनी १९३७ मध्ये समाजवाद आणि भांडवलशाही यांची तुलना करणाऱ्या पुस्तकात दिली.

त्यांच्या हयातीतच या विचाराची कसोटी पाहणारा प्रसंग आला. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर कोळशाच्या धुराचे दाट धुके पाच दिवस ठाण मांडून बसले. सुमारे चार हजार लोकांचा बळी गेल्याचा अंदाज तेव्हा होता. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. मँचेस्टरच्या हिशेबात साबण आणि सोडा होता, लंडनच्या हिशेबात माणसांचे प्राण आले. ब्रिटिश संसदेने १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा केला, पण मार्ग निवडला तो निर्बंधांचा, कराचा नव्हे. त्यानंतर तीन वर्षांनी, ७ मार्च १९५९ रोजी पिगू यांचे केंब्रिजमध्ये निधन झाले. पुढच्याच वर्षी रोनाल्ड कोस यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात त्यांच्या सिद्धान्तावर थेट हल्ला चढवला. हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि वाटाघाटींना खर्च येत नसेल, तर दोन्ही पक्ष कराविनाच तोडगा काढतील, असे कोस यांचे म्हणणे होते. एक गिरणी आणि एक शेजारी यांच्यापुरते ते पटण्याजोगे आहे. पण कोट्यवधी धुराडी आणि आठ अब्ज शेजारी असतील, तर वाटाघाटी कोणी कोणाशी करायच्या, या अडचणीपाशी अर्थशास्त्रज्ञ पुन्हा पिगू यांच्याकडे वळले.

मरणोत्तर राजकारण

फिनलंडने १९९० मध्ये जगातील पहिला कार्बन कर लावला. पुढच्याच वर्षी स्वीडन आणि नॉर्वे त्याच वाटेने गेले. नॉर्वेने समुद्रातील तेल आणि वायू उत्पादनावरही कर बसवला. परिणाम असा झाला, की स्लाइपनर या वायूक्षेत्रात १९९६ पासून दरवर्षी सुमारे दहा लाख टन कार्बन वायू हवेत सोडण्याऐवजी समुद्रतळाखालच्या खडकात साठवला जाऊ लागला. कर भरण्यापेक्षा वायू गाडणे कंपनीला परवडले. पिगू यांना अपेक्षित होते ते नेमके हेच.

इतरत्र मात्र राजकारण आडवे आले. अमेरिकेत अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १९९३ मध्ये ऊर्जेवर व्यापक कर सुचवला. प्रतिनिधिगृहात तो जेमतेम मंजूर झाला, पण सेनेटमध्ये तेलसंपन्न राज्यांच्या विरोधापुढे तो टिकला नाही. शेवटी पेट्रोलवर गॅलनला ४.३ सेंटची वाढ एवढेच हाती लागले. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये कार्बनवर टनाला २३ डॉलर आकारणी सुरू केली आणि सत्तांतरानंतर २०१४ मध्ये ती रद्द केली. फ्रान्समध्ये २०१८ च्या नोव्हेंबरात इंधनावरील वाढत्या करांविरुद्ध पिवळी जाकिटे घातलेले लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला नियोजित वाढ मागे घ्यावी लागली. कॅनडात ग्राहकांकडून घेतलेल्या करातील बहुतांश रक्कम कुटुंबांना परत केली जात होती, तरीही कर लोकांना रुचला नाही. मोठ्या उद्योगांवरील आकारणी तेवढी कायम राहिली. भारताने २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लावला. तो २०१६ पर्यंत ४०० रुपयांवर गेला, २०१७ मध्ये राज्यांच्या भरपाईसाठीच्या उपकरात विलीन झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तोही जाऊन कोळशावरील जीएसटी ५ वरून १८ टक्के करण्यात आला.

या साऱ्या पराभवांत एक समान धागा दिसतो. कर पावतीवर छापलेला असतो, तो डोळ्यांत खुपतो. धुराचा खर्च दवाखान्याच्या बिलात, पिकाच्या नुकसानीत, पुराच्या पाण्यात विखुरलेला असतो. त्यावर कोणाचे नाव नसते. त्यातच शहराबाहेर राहणाऱ्या, बस-रेल्वेची सोय नसलेल्या माणसाला पेट्रोल घेण्यावाचून गत्यंतर नसते. त्याचा संताप खोटा नाही. पिगू यांच्याकडे त्यालाही उत्तर होते, पण ते त्यांच्या कराच्या प्रकरणात नव्हे, तर त्याच ग्रंथात अन्यत्र आहे. एकूण उत्पन्न घटत नसेल, तर श्रीमंताकडचे काही गरिबाकडे गेल्याने समाजाचे कल्याण वाढते, हे त्यांचे दुसरे मोठे तत्त्व. ज्या सरकारांनी पहिले तत्त्व उचलले आणि दुसरे विसरले, किंवा दुसरे पाळूनही ते लोकांना पटवून दिले नाही, त्यांचे कर टिकले नाहीत.

पिगू यांनी कधी निवडणूक लढवली नाही, आणि राजकारण्यांविषयी त्यांना फारसा आदरही नव्हता. त्यांनी फक्त एक हिशेब पूर्ण करून दाखवला, ज्यात मँचेस्टरच्या कामगारवस्तीतील साडेसात पेन्स पहिल्यांदा मोजले गेले. कार्बन कर असावा की नसावा, यावर मतभेद होतच राहतील. मात्र कर न लावल्याने खर्च नाहीसा होत नाही, तो फक्त भरणारा बदलतो, हे त्यांचे म्हणणे विरोधकांनाही आजवर खोडून काढता आलेले नाही.